वॉशर आणि नारळाचं वाटण

मी पार्ल्याच्या पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करत होते, तेव्हा आमच्या सरांनी साकीनाक्याच्या एका मिक्सर बनवणाऱ्या कारखान्याशी बोलणं करून ठेवलं होतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तिथे काम शिकायचं आणि कारखान्याची एखादी अडचण कॉलेजच्या लॅबमध्ये सोडवून द्यायची. मुलं म्हणजे मुलगेच, असं कारखान्याने धरलं होतं. सर मला आणि माझ्या मैत्रिणीला घेऊन गेले, तेव्हा मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडला.

“अहो सर, या मुलींना उभं कुठे करू मी?”

“मशीनपाशी,” सर म्हणाले.

साहेबांना हसू आलं. बायकांसाठी वेगळं बाथरूम नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या केबिनमागच्या बाथरूमची किल्ली आमच्या हातात दिली.

अडचण अशी होती की गिऱ्हाइकांकडून मिक्सर परत येत. भांड्यातलं पातळ वाटण खाली झिरपून मोटर जळायची. कारखान्यात तर प्रत्येक मिक्सर पाणी घालून तपासत, आणि तेव्हा एक थेंब गळत नसे. माझी मैत्रीण मुलुंडची, बोलायला फटकळ. दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, “साहेब, घरी मिक्सरमध्ये पाणी कोण वाटतं?”

मी तिला कोपर मारलं. पण साहेब रागावले नाहीत. “मग काय घालू, सांग.”

“नारळ!” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

त्यानंतर आमच्या लॅबमध्ये रोज नारळ फुटू लागले. भांड्याच्या तळाशी जे रबरी वॉशर असत ते आम्ही नारळाच्या दुधात, खोबरेल तेलात बुडवून ठेवायचो आणि मापायचो. सगळ्या मजल्यावर वाटणाचा वास. शेजारच्या वर्गातली मुलं दारातून ओरडायची, “काय गं, आज कोलंबी की सुरमई?” घरी आईला सांगितलं तर ती पाट्यावरचा हात थांबवून बघत राहिली. गिरणी बंद पडल्यापासून बाबा एका सोसायटीत वॉचमन होते. ते म्हणाले, “नारळ वाटूक कॉलेजात कशाक जावक होया?” पण शेजाऱ्यांना मात्र ‘पोरगी रिसर्च करता’ असं सांगत फिरत.

वॉशर तेलात फुगत होते. फुगले की बसायचे नाहीत, आणि फट पडायची. सरांनी तेलात न फुगणाऱ्या रबराची नावं काढून दिली. साहेबांनी साकीनाक्याच्याच एका गाळ्यातून तसे वॉशर करवून घेतले. पहिले इतके कडक निघाले की भांडंच बसेना, आणि मैत्रीण म्हणाली, “वाट लागली.” साहेब आणि सर फळ्यासमोर उभे राहून एकमेकांच्या आकृत्या पुसत भांडले. मग पुन्हा नवे वॉशर आले.

शेवटच्या तपासणीला साहेब स्वतः कॉलेजात आले. सरांनी बटण दाबलं. लाल मिरच्या, खोबरं, धणे, वर थोडं पाणी. मिक्सर बराच वेळ घरघरत राहिला. साहेबांनी भांडं उचललं, ते बसतं त्या मोटरवरच्या खड्ड्यात बोट फिरवलं आणि आम्हाला दाखवलं. बोट कोरडं होतं. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. साहेब फक्त म्हणाले, “निकालानंतर दोघी कामाला या.”

मी गेले. मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं आणि सासर नागपूरला. तिने तिकडे जाऊन पंपांच्या कारखान्यात नोकरी मिळवली. मी साकीनाक्याला बरीच वर्षं तपासणी विभागात होते. पुढच्या बॅचच्या मुली यायच्या, बिचकत उभ्या राहायच्या, आणि मी त्यांना मशीनपर्यंत घेऊन जायचे. सर अधूनमधून यायचे. साहेबांबरोबर चहा घेताना त्यांचं बोलणं पंख्यांवर, इस्त्र्यांवर जायचं, नवीन काय बिघडतंय ते सर विचारायचे. आता दोघेही नाहीत, कारखानाही वसईकडे हलला. साकीनाक्यावरून बस जाते तेव्हा मी अजून जुन्या कारखान्याच्या बाजूची खिडकीकडची जागा धरते.