परबकाकांच्या बाथरूमखाली

भाड्याच्या घरात सामान कमी ठेवावं, असं सगळेच सांगतात. किश्श्यांचं कुणी सांगत नाही. ते साठतातच. आमचे मुंबईत नाहूरला तीन वर्षं साठले आणि झाडून सगळे ओले निघाले!

आम्ही पहिल्या मजल्यावर भाडेकरू, मालक परबकाका आमच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर. काका मूळचे मालवणचे, आता रिटायर्ड. त्यांचं बाथरूम आमच्या बेडरूमच्या बरोबर वर.

•

राहायला येऊन महिना झाला नाही तोच छत गळलं आणि गादी भिजली. मी आधी आईची रेसिपींची वही उचलली. आई गेल्यावर अमरावतीच्या घरातून मी तेवढीच आणली होती. ती स्टीलच्या डब्यात घालून कपाटात वर ठेवली.

माझा नवरा नितीन अ‍ॅग्रीमेंट काढून बसला. नववा क्लॉज साफ होता: पाण्याने सामानाचं नुकसान झालं तर मालक जबाबदार नाही. तेवढ्यात काका स्वतःच्या पलंगावरची गादी डोक्यावर घेऊन दारात उभे.

नितीनने क्लॉज दाखवला. काकांनी बघितलाही नाही.

"माझ्या छताखाली भिजला, तां माझा भिजला."

पंधरा दिवस काका-काकू चटईवर झोपले. गादीवर झोपून आम्हालाच झोप येईना.

•

मग वॉटरप्रूफिंग झालं. काम चाललं तितके दिवस काका-काकू टॉवेल घेऊन आमच्याकडे आंघोळीला येत. आठव्या दिवशी प्लंबरने आमचं छत अभिमानाने दाखवलं, एक थेंब नाही म्हणाला.

काका केस पुसत म्हणाले, "आठ दिवस वर आंघोळ केल्यान कोणी?"

वर आंघोळी सुरू झाल्या आणि थेंब दोन फूट सरकून टेबलावर आला.

•

त्या टेबलावरच नितीनचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. एकुलता एक पांढरा शर्ट ओला, म्हणून अंगात काकांचा, दोन साइझ मोठा. टेबल ओढून बाजूला घेतलं, तर बादलीतली टपटप माइकवर ऐकू यायला लागली. मग काका स्वतः स्टुलावर चढले आणि थेंबाखाली टॉवेल धरून पाऊण तास उभे राहिले. नोकरी मिळाली. पहिला पेढा काकांनी हक्काने मागून घेतला.

•

गेल्या वर्षी थेंब कपाटावर सरकला. आम्ही गावाला गेलो होतो. आलो तर कपाटातून, झाकणातून झिरपून स्टीलच्या डब्यात पाणी साठलेलं आणि त्यात वही. पाणी बाहेर जायला जागाच नव्हती, इतका चांगला डबा मी निवडला होता. मी लहान मुलीसारखी रडले.

काका वही उचलून वर गेले. बदल्यात द्यायला या वेळी त्यांच्याकडे काही नव्हतं. चार दिवस काका-काकूंनी पानापानात वर्तमानपत्र घालून, पंख्याखाली धरून वही सुकवली. जिथे शाई धुऊन गेली होती, तिथे काकूंनी पेन्सिलीने स्वतःच्या अंदाजाने भर घातली. माझ्या आईच्या वऱ्हाडी पाटवडीत आता ओलं खोबरं आणि तीन आमसुलं आहेत! वाचून हसू आवरेना.

शेवटच्या पानावर आईने माझ्यासाठी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'मीनू, घाई करत जाऊ नकोस' एवढंच उरलं होतं. दुसरी ओळ मला कधीच पाठ नव्हती. ती जागा काकूंनी कोरी सोडली होती. मी विचारलं.

"ती जेवणाची ओळ नाय गो," काकू म्हणाल्या. "तुझ्या आवशीन तुका सांगितलेला तां. मी कसा भरू?"

•

पुढच्या महिन्यात अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करायला एजंट लॅपटॉप घेऊन घरी आला आणि एकेक क्लॉज वाचू लागला. नवव्याशी काकांनी त्याला थांबवलं, हा काढ म्हणाले. सगळ्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये असतोच, असं त्याने समजावून पाहिलं. काका हटेनात. शेवटी वैतागून त्याने त्या जागी काय लिहू ते विचारलं.

काका छताकडे बघत होते.

"जां काय भिजात, तां मालक भरून देतलो, असा लिव," ते म्हणाले. "वही सोडून."

एजंटाने मान वर केली. "कसली वही, काका?"