एकालाच पाट

निवृत्तीनंतर हिंदी मुलखातल्या चेरीताल वस्तीतल्या घरात मी एकटीच राहत होते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आता ते कुणाला हवं होतं? एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनी मटार सोलायला माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले होते.

"ताई, मुलानं कॅनडाला बोलावलं," त्या म्हणाल्या. "पण तिथले शब्द माझ्या तोंडात बसतच नाही. ते इमिगरेशन का काय. विमानतळावर एकटीनं बोलावं लागते म्हणे."

मी ताटात चार दाणे ओळीनं मांडले; तिसरा मुद्दाम टपोरा घेतला.

"इ, मि, ग्रे, शन. जोर फक्त 'ग्रे'वर. शेवटी असं 'शन' आलं, की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर."

"काहून? बाकीच्यांनी काय पाप केलं?"

"मराठीत सगळी अक्षरं एका पंगतीला बसतात, वहिनी. इंग्रजीत एकालाच पाट. बाकीच्यांनी अंग चोरून बसायचं."

त्या इतक्या हसल्या की दाणे ताटाबाहेर घरंगळले.

मग रोज दुपारी आमचा वर्ग भरू लागला. 'व्हेजिटेबल'चे त्या चार तुकडे करायच्या. बोलताना तीनच होतात म्हटल्यावर विचारायच्या, "मधला कुठं गेला?" "खाऊन टाकला," मी म्हणायचे. बाजारात, बँकेत, फाटकावर सगळीकडे माझं हिंदीच चालायचं. मराठी बोलायला त्या एकट्याच होत्या. शब्द नीट आला की मी शाबासकी द्यायचे. त्या जिना चढून गेल्या की घर फार मोठं वाटायचं.

थंडी सरता सरता त्या कॅनडाला गेल्या. पोचल्यावर फोन आला. "ताई, इमिग्रेशन कुठं आहे, मी विचारलं. तिथल्या पोरीनं लगेच बोट दाखवलं! दुसऱ्यांदा सांगावं नाही लागलं." मला मनापासून आनंद झाला.

पुढे फोन विरळ झाले. नातीला शाळेत सोडणं, शेजारणीसोबत फिरणं, त्यांचे दिवस भरून गेले होते. परवा संध्याकाळी पुन्हा फोन आला, तेव्हा माझं 'हॅलो' घोगरं निघालं.

"सर्दी झाली काय, ताई?"

"हो, थोडी," मी म्हणाले.

सर्दी नव्हती. त्या दिवशी मी तोंडातून काढलेला 'हॅलो' हा पहिलाच शब्द होता.