ग्रेसबाईंची दाढ आणि आमचे डॉक्टर

दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. ते गालाला रुमाल लावून स्वतःच आत येतात! आमच्या लोणावळ्याच्या दवाखान्यात रिसेप्शन मीच, खुर्चीशेजारची मदतनीसही मीच. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या ग्रेसबाईंचे. बाई केनियाच्या. पुण्यात शिकल्या आणि नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला लागल्या. मराठी तिथल्या लाइनवरच्या बायकांकडून उचललेलं, त्यामुळे अस्सल मावळी!

*

पहिल्या दिवशी त्या सोफ्यावर बसल्या आणि शेजारचे काका उठले. मग काकू उठल्या. मग त्यांची सून. "बसून बसून पाय आखडले," म्हणे. तिघांचेही एकदम!

ग्रेसबाईंनी पर्स शेजारी ठेवली. "बरं झालं. लय दाटी झालती."

*

आत डॉक्टर त्यांच्याशी बोलेनात. मला म्हणाले, "यांना विचार, कुठं दुखतंय."

"खालची उजवी दाढ," बाईच म्हणाल्या. "गार पानी लागलं की कळ पार मस्तकात जाती."

"यांना सांग, तोंड उघडा."

"तोंड कवाच उघडलंय, डॉक्टर. आता तुमी कान उघडा!"

*

डॉक्टरांनी आत पाहिलं आणि दाढ राहिली बाजूला. "हिरड्या काळ्या आहेत. लेझरनं गुलाबी करून देऊ." हिरड्यांना आजार काहीच नव्हता.

दारात भुशीच्या मावशी नंबर धरून उभ्या होत्या. त्या तिथल्या धरणावर कणसं भाजून विकतात. त्यांनी ओठ खाली ओढून दाखवला. "माझ्या बी काळ्याच हायत की! मला कंदी इचारलं न्हाई ते? मी काय घोडं मारलंय?"

*

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही.

रूट कॅनाल होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन निम्मंच दिलं. "आफ्रिकेची माणसं काटक. यांना एवढं पुरे." वर नेहमीप्रमाणे, "दुखलं तर हात वर करा."

ड्रिल लागताच बाईंनी हात वर केला. डॉक्टरांनी तो कोपरानं खाली ढकलला. "एवढं काही नसतं!" बाईंच्या डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत गेलं. मला इतका संताप आला की हातातला ट्रे मी आपटलाच.

बाई अर्धवट दाढ घेऊन गेल्या त्या बरेच दिवस आल्याच नाहीत. पुण्यात दुसऱ्या एका डॉक्टरनं नीट न बघताच "काढून टाका" सांगितलं, असं नंतर कळलं.

*

पावसाळा सरता सरता त्या परत आल्या, गाल सुजवून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "सूज उतरली की शेवटचा प्रयत्न करू. नाहीतर दाढ काढावी लागेल."

सूज उतरल्यावर बाई खुर्चीत बसल्या, पण मागं टेकेनात.

"आमच्या लाइनवर क्वालिटीनं पास म्हटल्याबिगर माल फुडं सरकत न्हाई. हितं क्वालिटी मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

इंजेक्शन दिलं. थोडं थांबून डॉक्टरांनी दाढेपाशी टोचून पाहिलं. "झालं बधिर?"

"फेल."

आणखी एक दिलं. "आता?"

"फेल!"

डॉक्टरांनी कपाळ पुसलं आणि तिसरं दिलं. मग मात्र बाईंनी अंगठा वर केला आणि त्या मागं टेकल्या. ड्रिल चाललं, पण हात मांडीवरून हलला नाही. दाढ वाचली!

पुढचा नंबर मावशींचा. सगळं दारातून बघूनच त्या खुर्चीत चढल्या. डॉक्टरांनी नुसती सुई उचलली.

"फेल!" मावशी म्हणाल्या.