दमाची गोळी

चाकणजवळच्या कुरुळीत मी संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवते. पहिली शिफ्ट संपली की कंपनीच्या बसमधून उतरायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि थेट मैदान गाठायचं. मुली बहुतेक कामगारांच्या, लातूर-बीडकडून आलेल्या. दोघी-तिघी गावातल्या जुन्या शेतकरी घरांतल्या.

गेल्या वर्षी राजगुरुनगरला तालुक्याची स्पर्धा होती. ती पंधरा दिवसांवर आली, तेव्हा आठवडाभर माझ्या सगळ्यात चांगल्या चढाईपटूचं खेळात लक्षच नव्हतं. अकरावीतली पोर, फोन वाजला की दचकायची. शेवटी तिला बाजूला घेऊन बसले. बराच वेळ बुटाच्या नाडीशी चाळा करून तिनं फोन माझ्या हातात दिला.

इन्स्टाग्रामवर कुणा अनोळखी माणसानं तिला मेसेज केला होता. तुझा चढाईचा व्हिडिओ पाहिला, दम वाढवायची गोळी आहे, पहिली फुकट. हिनं विचारलं होतं, कसली गोळी, कुठे मिळेल? मग मैत्रिणीनं सांगितलं की हा नशेचा माल असतो, तेव्हा तिनं नको म्हणून कळवलं. त्यावर धमकी आली, की हे बोलणं तुझ्या घरी पाठवतो.

"ताई, आधी मीच विचारलं ना," ती म्हणाली.

"विचारलंस, आणि कळल्यावर नको म्हणालीस. मला तेच मोठं वाटतं," मी म्हटलं.

तिला तशीच घेऊन तिच्या घरी गेले. आई चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला; नुकतीच येऊन भाकरी थापत होती. आता कबड्डी बंद होणार, या भीतीनं पोरगी दारातच थांबली. आईनं सगळं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला भान नव्हतं. मग म्हणाली, "आठ दिस एकलीच झुरत बसलीस की गं. माय कशाला हाय?" आणि आम्हा दोघींना जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी तिघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या बाईंनी मेसेज पुसू नका, उत्तर देऊ नका, असं बजावलं आणि तक्रार लिहून घेतली. चारच दिवसांत ते खातं बंद झालं. तो माणूस सापडला का, ते मात्र आम्हाला कळलं नाही. स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत एका गुणानं हरलो. तिनं एकाच चढाईत तिघींना बाद केलं होतं.

पुढच्या रविवारी मुलींनीच मंदिराच्या सभामंडपात पालकांना बोलावलं आणि असे मेसेज कसे येतात, आले तर काय करायचं, ते समजावलं. गावातल्या एका मुलीचे आजोबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी विचारलं, "माज्या फोनवर गुडघ्याच्या गोळीचं रोज येतंय. त्यो बी तसलाच का?" मुलींनी त्यांचा फोन तपासून सहा खाती ब्लॉक केली. भजनाचं तेवढं राहू द्या, म्हणून आजोबा शेवटपर्यंत फोनवर नजर ठेवून होते. सगळा मंडप हसत होता.

त्या आठवड्यात आणखी दोघींनी तसलेच मेसेज दाखवले. मला नाही, आपापल्या आयांना. मला ते त्या आयांकडूनच कळलं, आणि फार बरं वाटलं.