कोसऱ्याचं आवतन

ढोरांच्या दवाखान्यात दोन गोष्टी साचायला वेळ लागत नाही: एक शेण, दुसरे किस्से. शेण आम्ही रोज सकाळी उपसायचो. किस्से तसेच राहिले, आणि आता पेन्शनीत बसल्या बसल्या एकातून दुसरा निघतो. ऐकणारे हसतात. मी मात्र तेव्हा हसलो नव्हतो. माझी तेव्हा झोप उडाली होती!

मी तिथे कंपाउंडर होतो. चांदा जिल्हा, गडचिरोलीकडचं जंगल. आमचं राज्य तेव्हा मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर, यावरून काळ ओळखा. दवाखान्यात आम्ही तिघं. डॉक्टर साताऱ्याकडचे, तरुण, नुकतं लग्न झालेलं. दाजीबा ड्रेसर तिथलाच. आणि मी, जन्माचा घाबरट.

त्या पावसाळ्यात वैनगंगेच्या पलीकडे बुळकांडी आली होती. हा रोग एकदा गोठ्यात शिरला की गोठा रिकामा करूनच बाहेर पडायचा. लागल्यावर औषध नाही, लागण्याआधी लस, एवढाच इलाज. आणि नेमके तेच दिवस सणांचे! आखाडी, जिवती, पोळा. लोक सण येण्याची वाट पाहायचे, मी ते सरण्याची.

* * *

पहिला दणका आखाडीला बसला. भुशात गुंडाळलेल्या बर्फात लसीची पेटी घेऊन आम्ही चिखल तुडवत एका गावाच्या शिवेवर पोचलो, तर पाटील आडवे.

"गाव बांधलं हाय, साहेब. आज आत येता येत नाई."

आखाडीला तिकडे शिवेवर पूजा करून रोगराईचा रस्ता बंद करतात. त्या दिवशी बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. हे दाजीबाला ठाऊक होतं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि न विचारता बोलायची त्याला सवय नव्हती.

डॉक्टर काकुळतीला आले. "अहो पाटील, बर्फ वितळतोय! लस फुकट जाईल!"

"साहेब, गाव काऊन बांधलं? रोग आत येऊ नये म्हणून. आन् तुमीच तं मागच्या खेपेले सांगतलं, का सुईत थोडासा रोगच असते म्हणून!"

पेटीतून पाणी ठिबकत होतं.

दुसऱ्या दिवशी गाव सुटलं, पण तोवर लस अर्ध्या गावापुरतीच उरली होती. बाकीची ढोरं राहिली. राहिलेल्यांत महागूभाऊ नावाच्या शेतकऱ्याची बैलजोडीही होती, हे लक्षात ठेवा.

* * *

मग जिवती आली. त्या दिवशी लोहार घरोघर फिरून दाराच्या चौकटीत खिळा ठोकतो, म्हणजे रोगाला उंबरा ओलांडता येत नाही. तो दवाखान्यातही आला. डॉक्टर धावले.

"थांबा, थांबा! चौकट सरकारी आहे!"

लोहारानं हातोडी खाली केली. "साहेब, रोगाले सरकारी दार न् घराचं दार वेगळं समजते का?"

डॉक्टर आत गेले आणि खिडकी लावून बसले. पण त्याच दिवशी पलीकडच्या गावाहून बातमी आली की बुळकांडी नदीच्या काठापर्यंत पोचली आहे. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"तो लोहार अजून गावात असेल का हो? नाही, आमच्या क्वार्टरची चौकट जरा हलतेय. खिळा लागेल एखादा."

मी बोलवायला गेलो, तर लोहार क्वार्टरवरूनच परत येत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला दुपारीच बोलावून घेतलं होतं!

* * *

पोळा चार दिवसांवर आला आणि महागूभाऊ आपला बैल घेऊन दारात उभा राहिला. बैलाचं नाव कोसऱ्या, रंग अगदी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडासारखा. डोळ्यांतून पाणी, अंगात ताप, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रवंथ बंद. बैलानं रवंथ थांबवला की समजा, त्यानं संसारातून लक्ष काढलं.

डॉक्टरांनी त्याला मागच्या वेगळ्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बांधला. "बुळकांडी असेल तर हा जाईल, आणि घरी नेलात तर गावच जाईल. नसेल तर वाचेल. जेव्हा रवंथ करेल, तेव्हा सुटला म्हणायचं. तोवर कुंपणाच्या आत यायचं नाही. तुमचा दुसरा बैल घरी आहे, तुमच्या पायांनी रोग त्याच्याकडे जाईल."

महागूभाऊचा चेहरा उतरला. "पण साहेब, पोळ्याले बैल घरी नाई तं मी तोंड कोनाले दाखवू?"

पुढचे दिवस काय सांगू! डॉक्टर कोठ्यात शिरायचे, बाहेर येऊन फिनाईलनं हातपाय धुवायचे, पुन्हा शिरायचे. दोघं नवराबायको जेवायला बसले तरी डॉक्टरीणबाई भाताआधी विचारायच्या, "केला का?" दाजीबा मला विचारायचा, मी दाजीबाला. एकदा तहसीलीचा चपराशी काही निरोप घेऊन आला. डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "रवंथ केला का?"

चपराशी गोंधळला. म्हणाला, "नाई साहेब, सकाळपासून उपाशीच हावो!"

* * *

पोळ्याची आदली संध्याकाळ. त्या वेळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्याला आमंत्रण देतात: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." महागूभाऊ लोणी-हळदीची वाटी घेऊन कुंपणाबाहेर उभा. आत येता येत नाही. मग काय, डॉक्टरच म्हणाले, "द्या इकडे. मी करतो. फक्त शब्द सांगा."

शब्द चुकू नयेत याची डॉक्टरांना भारी धास्ती. म्हणून कोठ्यात जाण्याआधी त्यांनी पुढच्या अंगणात सराव केला. तिथे साधी दुखणी घेऊन आलेली ढोरं बांधलेली होती. एक शिंग मोडलेला, एक खूर फाटलेला, एक खांद्याला गळू झालेला. डॉक्टर प्रत्येकापुढे हात जोडून उभे राहिले आणि घोकल्यासारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एका म्हशीपुढेही म्हणाले!

मग आत जाऊन त्यांनी कोसऱ्याचा खांदा चोळला. तिथेही आवतन दिलं, अगदी बिनचूक.

बाहेर आले तर दाजीबा पांढराफटक पडला होता.

"साहेब, हे काय करून ठेवलं? आवतन ज्याचं, जेवन त्याच्या घरचं!"

"अहो, पण तो सराव होता!"

"ढोरायले कसं समजंल, का सराव होता म्हणून?"

मालक सगळे तिथेच उभे होते. त्यांना मात्र सगळं समजलं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुरणपोळ्या केल्या त्या तीन जिवांपुरत्या: दोघं नवराबायको आणि कोसऱ्या. दुपारी क्वार्टरच्या दारात घुंगरं वाजली. शिंग मोडलेला बेगड लावून आला. खूर फाटलेला लंगडत, पण झूल घालून आला. शेवटी म्हैस आली, गळ्यात झेंडूची माळ!

"तिलेबी आवतन हाय, बाई," मालक अदबीनं म्हणाला.

बाईंनी एकदा म्हशीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पदर खोचून पुन्हा चुलीपुढे बसल्या. माझ्या घरचं पुरण गेलं, दाजीबाच्या घरचं गेलं. पाहुण्यांचे पाय धुऊन, कुंकू लावून एकेकाला घास दिला. म्हशीनं दोन पोळ्या खाऊन तिसरीसाठी मान पुढे केली. लोक पोट धरून हसत होते. डॉक्टर हसत नव्हते. ज्याच्यासाठी सगळं केलं, तो पाहुणा आलाच नव्हता.

मग त्यांनी ताट उचललं आणि ते स्वतः मागच्या कोठ्यात गेले.

कुंपणाला महागूभाऊ, पोळ्याला दारात ठेवतात ती पळसाची डहाळी धरून उभा. कुडाच्या फटीतून त्याला आतलं दिसत होतं. आम्ही मागे. त्यामागे डॉक्टरीणबाई, त्यांना काहीच दिसत नव्हतं.

कोसऱ्यानं पोळी हुंगली आणि तोंड फिरवलं.

महागूभाऊ हळूच म्हणाला, "साहेब, पाहुना एकटा जेवत नाई. घरधन्यानं संगं बसा लागते."

डॉक्टर बसले, तसेच शेणात. एक घास त्याच्यापुढे धरला, पण स्वतः खाल्ला नाही. म्हणाले, "आधी तो." कितीतरी वेळानं कोसऱ्यानं जीभ बाहेर काढली, बोटं चाटली आणि अर्धी पोळी घेतली. मग पुन्हा तोंड फिरवलं. गावात तोरणाखाली डफ वाजायला लागला, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या, तोरण तुटून पोळा फुटला, बैल घरोघर निघाले. महागूभाऊ हलला नाही. डॉक्टरही हलले नाहीत. ऊन उतरलं. डॉक्टरांच्या पोटात सकाळपासून काही नाही, तेव्हा दाजीबानंच कुडावरून दटावलं, "साहेब, खा आता. तुमी पडले तं आमी कोनाकडं पाहाव?" डॉक्टरांनी कसाबसा एक घास तोंडात घातला.

आणि एकदम महागूभाऊनं डहाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याचे खांदे हलायला लागले.

मागून डॉक्टरीणबाईंना राहवेना. "अहो, काय झालं? कोणी सांगेल का? केला का रवंथ?"

डॉक्टरांना बोलता येईना. तोंडात पोळी, आणि डोळ्यांतलं पाणी मिशीवर.

महागूभाऊनं वळून पाहिलं, बाहीनं डोळे पुसले आणि ओरडला:

"दोघंबी करून राह्यले, बाई!"