कालच गेलेली जागा

माझी नणंद बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते. ती आवाज कधी चढवत नाही. राग आला की पेन्सिलीला टोक काढत बसते. गेल्या महिन्यात तिने दोन पेन्सिली संपवल्या.

तिच्या नववीच्या वर्गातली एक मुलगी कालव्यापलीकडे राहते. त्यांचं घर पाडायला काढलेलं. बाप भाड्याच्या घरांच्या जाहिराती बघून फोन करायचा. सध्या कुठे राहता, असं विचारलं जायचं, आणि कालव्याचं नाव निघालं की गोड आवाजात उत्तर यायचं, जागा कालच गेली. चौदा घरं, चौदाही कालच गेलेली.

नणंदेने वर्गाकडून शहराचा भलामोठा नकाशा काढून घेतला. बापाला नकार मिळाला की तासाभराने शाळेजवळ राहणारी एका मुलीची आई त्याच नंबरवर फोन करायची. तिला ‘या की, बघून जा’ म्हटलं, की त्या घरावर लाल टाचणी. कालव्याच्या अलीकडे टाचण्या नुसत्या दाटल्या. पोरी म्हणाल्या, बाई, शहराला गोवर आलाय. बाई हसल्या नाहीत. पंधरावी टाचणी आमच्या घरावर होती.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून तिने मला विचारलं, “वहिनी, वरची खोली गेली?”

ह्यांनी फोनवर ‘कालच’ म्हटलं तेव्हा मी समोरच भाजी निवडत होते. ऐकलं होतं, आणि निवडत राहिले होते.

हे आधी उखडले, मग नरमले. तुझ्या वर्गातली मुलगी आहे हे आधी सांगायचंस, म्हणाले. देतो खोली, पण ती टाचणी तेवढी काढ, पालकसभेला नकाशा भिंतीवर लागेल, सगळे पालक बघतील.

“खोली दे, दादा. टाचणी राहील. खोली तू मला देतोयस. त्यांना तू नाहीच म्हणालास.”

“सख्ख्या भावाला भिंतीवर टांगणार?”

“तुझं नाव कुठाय त्यात? घर आहे नुसतं.”

रविवारी ते लोक राहायला आले. त्यांचा स्टोव्ह ह्यांनी स्वतः वर नेऊन दिला, पण बहिणीशी अबोला धरला तो धरलाच.

पालकसभेला हे आले नाहीत. मी गेले. नकाशावरची आमची टाचणी जरा सैल झाली होती. अंगठ्याने दाबून मी ती घट्ट बसवली.