फकिराचा बैल आणि हायड्रोजन

वामनराव मास्तर विज्ञान उर्दूत शिकले होते. निजाम गेला, शाळेतली उर्दूही गेली. पुढं राज्यांची नवी वाटणी झाली, तेव्हा तामसीकडचं हे सरहद्दीवरचं मराठी गाव आंध्रात राहिलं, पण शाळा मराठी झाली आणि मास्तर मराठीत शिकवू लागले. सरकारनं भाषा बदलून दिली, पुस्तक द्यायचं तेवढं राहिलं. म्हणून आठवीला अणूंचे बंध शिकवताना त्यांनी उदाहरण गावातूनच उचललं.

डोमाजीकडं बैल एक, फकिराकडं एक. एका बैलानं पेरणी होत नाही, म्हणून दोघांची सावड. बैल एकत्र जुंपायचे आणि दोन्ही शेतं त्याच जोडीनं पेरायची. हायड्रोजनच्या अणूचंही तसंच, मास्तर म्हणाले. त्याच्याजवळ इलेक्ट्रॉन एक, पाहिजेत दोन. तसलाच दुसरा अणू भेटला की दोघं आपापला इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात. कुणी कुणाला देऊन टाकत नाही. जोडी एकाच वेळी दोघांची, पुरती. डोमाजी म्हणेल माझे दोन, फकिरा म्हणेल माझे दोन, आणि दोघंही खरं बोलतील.

फकिराच्या पोरीनं धडा घरी जसाच्या तसा म्हणून दाखवला.

कूळकायदा तेव्हा नवा होता. कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागत होता, आणि लोक शेजाऱ्याला खुरपं देतानाही साक्षीदार शोधत. फकिराची बायको सोनाबाईनं दुसऱ्याच दिवशी सावड मोडली. रब्बी ज्वारीची ऐन पेरणी, जमिनीतली ओल उडून चाललेली, आणि दोन्ही बैल आपापल्या गोठ्यात निवांत रवंथ करत.

डोमाजी वाटेत भेटला. तक्रार केली नाही. "पोरं लय हुशार करून राह्यले तुमी, मास्तर," एवढंच म्हणाला.

मास्तर त्याच दिवशी सोनाबाईकडं गेले. हे सगळं अणूंबद्दल होतं, बैलांबद्दल नव्हतं, असं पुष्कळ समजावलं. तिनं चहा दिला, ऐकून घेतलं.

"अणूचं काय जाते मास्तर, त्यायच्यात पटवारी येत नाही. उद्या डोमाजी म्हणन, बैल माहाच, शाळेत शिकवलं. पोरायले सांगा, चुकलं म्हणून."

धडा बरोबर होता. ओलही खरी होती. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गाला सांगितलं की मागचं चुकलं; एक इलेक्ट्रॉन याचा, एक त्याचा, काम झालं की ज्याचा त्यानं घरी न्यायचा.

फकिराची पोरगी उठली. "मंग दोघायजवळ एकेकच राह्यला ना, मास्तर? दोन कसे झाले?"

मास्तर म्हणाले, खाली बस.

सावड पुन्हा जुळली, दोन्ही शेतं पेरून झाली. डोमाजी वाटेत भेटला की हात जोडायचा. मास्तर दुसरीकडं बघायचे.

वार्षिक परीक्षेत सगळ्या वर्गानं इलेक्ट्रॉन घरी नेले. एकट्या फकिराच्या पोरीनं लिहिलं, जोडी एकाच वेळी दोघांची, पुरती. मास्तरांनी तो पेपर सगळ्यात खाली ठेवला आणि शेवटी काढला. बरोबरची खूण केली तर ती घरी दाखवणार, आणि पुढच्या पेरणीला बैल पुन्हा गोठ्यात.

त्यांनी लाल शाईनं काट मारली. सरळ, पट्टी लावून.